बारामती आणि इंदापूर: मुक्कामाच्या वस्तीचा इतिहास

परगावच्या माणसाने बारामतीत किंवा इंदापुरात कोठे उतरावे, याचे उत्तर गेल्या चारशे वर्षांत अनेकदा बदलले आहे. पाणी कोठे आहे, माल कोठे उतरतो आणि रस्ता गावाच्या कोणत्या बाजूने जातो, या तीन गोष्टींनी ते ठरवले. गजबजलेली वस्ती म्हणजे मुक्कामाला सोयीची वस्ती, हे समीकरण जुने आहे. गजबज मात्र एका जागी कधी टिकली नाही.

दोन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेली आहेत. बारामती कऱ्हेच्या काठावर आहे. इंदापूर पुण्यापासून सुमारे १३५ किलोमीटरवर, भीमा आणि नीरा यांच्या मधल्या पट्ट्यात, सोलापूरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन उघडी आणि उन्हाळा कडक. अशा मुलखात संध्याकाळ झाली की वाटसरू आधी पाणवठा शोधी आणि मग निवारा. भीमथडीची, म्हणजे भीमेच्या काठची, तट्टे चिवटपणासाठी प्रसिद्ध होती, पण त्यांनाही रात्री पाणी आणि वैरण लागेच. त्यामुळे नदीकाठचे देऊळ, त्यापुढचा पार आणि वेशीतली चावडी या पहिल्या मुक्कामाच्या जागा ठरल्या. बारामतीच्या कसब्यालगत कऱ्हेकाठी सिद्धेश्वराचे जुने देऊळ आहे. देशावरच्या इतर गावांप्रमाणे येथेही घाट, देऊळ आणि वेस एकमेकांना लागून असल्याने आल्यागेल्याची ऊठबस त्याच भागात होई. गावात कोण आले, कोण गेले, रात्री कोण चावडीत निजले, याची खबर वेशीवरच्या महाराला, म्हणजे येसकराला, ठेवावी लागे. पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे हेही त्याच्याच कामात मोडे. ज्या समाजाकडे ही जबाबदारी होती, त्या समाजाच्या वाटसरूला मात्र त्याच देवळाच्या ओवरीत पाठ टेकता येत नसे.

इंदापूरचे महत्त्व आधी लष्करी होते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांना सतराव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत इंदापूरच्या लढाईत मरण आले. गावात त्यांची गढी आहे आणि चांदशावली यांचा दर्गाही आहे. पुणे आणि सुपे यांच्याप्रमाणे इंदापूर परगणाही भोसल्यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. परगण्याचे ठाणे असलेल्या गावात कारकून, शिबंदी, फिर्यादी आणि व्यापारी यांची ये-जा असते. अशा गावी रात्र काढायची तर गढीच्या आणि कचेरीच्या आसपासची जागा सर्वांत निर्धोक समजली जाई. वाटमारीच्या काळात वस्ती जितकी दाट तितकी झोप शांत. आजचा प्रवासी गोंगाट टाळण्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो. तेव्हाचा प्रवासी गोंगाटाच्या आडोशालाच जाई.

अठराव्या शतकात बारामतीचे रूप पालटले ते नाईकांमुळे. हे नाईक म्हणजे जोशी-बारामतीकर, पेशवाईतले मोठे सावकार घराणे. त्यांचा पेशव्यांशी व्याह्याचा संबंध होता. थोरल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई याच घरात, आबाजी नाईकांना दिली होती. आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक यांनी तर १७४० मध्ये बाजीरावाच्या मृत्यूनंतर पेशवेपदावरच डोळा ठेवला होता. तो डाव साधला नाही. कऱ्हेकाठचा नाईकांचा वाडा मात्र गावाचे केंद्र बनला. सावकाराच्या वाड्यात मुक्कामाला कोण येत असे याची कल्पना करणे अवघड नाही. हुंडी वटवायला आलेले गुमास्ते, कर्जाची मुदत मागायला आलेले सरदारांचे कारकून, दक्षिणेच्या आशेने आलेले शास्त्री आणि पुराणिक, सगळ्यांची ये-जा वाड्यावर. कविवर्य मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. ते नाईकांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून बारामतीस आले आणि १७९४ मध्ये मरेपर्यंत बारामतीकरच राहिले. आश्रयाला आलेला माणूस गावचाच होऊन जाण्याचे इतके ठळक उदाहरण या भागात दुसरे नाही.

वाड्याच्या पंगतीत ज्याला जागा नसे तो पेठेत उतरे. पेठेतला मुक्काम ओळखीवर चाले. व्यापारी आपल्या जातभाईच्या दुकानाच्या माडीवर, तेली तेल्याकडे, साळी साळ्याकडे. पुढे गुजराती आणि मारवाडी सावकारांनी बस्तान बसवल्यावर त्यांच्याही अशाच साखळ्या तयार झाल्या. बारामतीतल्या मारवाड पेठेचे नाव त्याची साक्ष देते. भाडे घेऊन खोली देण्याची रीत नव्हती. उतरून घेणाऱ्याला त्याचा मोबदला सौद्यातून मिळे. भीमा-नीरा संगमावरच्या नीरा नरसिंहपुरात, म्हणजे इंदापूर तालुक्याच्या अगदी आग्नेय टोकाला, हाच व्यवहार धर्माच्या अंगाने चाले. सरदार विंचूरकरांनी बांधलेल्या नृसिंहाच्या देवळाला कुलाचाराला येणारी कुटुंबे क्षेत्रोपाध्यायाच्या घरी उतरत आणि खोलीचा हिशेब दक्षिणेत होई.

इंग्रजी अमल आल्यावर मुक्कामाचा एक नवाच प्रकार या भागात दिसू लागला. साहेब गावात उतरत नसे. गावाबाहेरच्या आमराईत त्याचा डेरा पडे आणि गाव त्याच्याकडे जाई. इंदापूर तालुक्याने असे डेरे इतरांपेक्षा जास्त पाहिले. सरकारी सर्वेक्षणाचे अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात येथे जमीन मोजणी आणि प्रतवारी केली. १८३६ मध्ये इंदापूरला लागू झालेली सारापद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा नमुना ठरली. डेऱ्यांनंतर बंगले आले. हमरस्त्यावर टप्प्याटप्प्याने प्रवासी बंगले उभे राहिले. अधिकाऱ्यांसाठी खानसामा आणि पलंग, बाकीच्यांसाठी धर्मशाळा, अशी सरळ फाळणी झाली. आजची सरकारी विश्रामगृहे गावाच्या गर्दीपासून फटकून का उभी आहेत, याचे कारण या फाळणीत सापडते.

धर्मशाळा देशावर पूर्वीपासून होत्या, पण एकोणिसाव्या शतकात त्यांना लोकल फंड आणि नगरपालिका यांचा पैसा मिळू लागला. बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांना १८६५ मध्येच नगरपालिका मिळाल्या. या भागातली धर्मशाळा ओळखायला सोपी असे. कमरेइतके उंच दगडी जोते, तीन बाजूंनी भिंती, चौथी बाजू लाकडी खांबांवर उघडी, भिंतीत दिव्यासाठी कोनाडे आणि पुढच्या पटांगणात बैल बांधायची जागा. सामान वाहून आणायचे ते प्रवाशानेच. तो तीन दगडांची चूल मांडी, शिदोरी संपली असेल तर जवळच्या वाण्याकडून पीठ-मीठ आणी, आणि भाकरी टाकून जोत्यावर घोंगडी पसरी. सकाळी निघताना काळे पडलेले दगड तसेच राहत आणि रात्री येणारा त्यांवर पुन्हा जाळ करी. वाणी, विहीर आणि धर्मशाळा यांच्यात हाकेचे अंतर असणे ही त्या काळची सोय.

ही सोय सर्वांना मोकळी नव्हती. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळांतही अस्पृश्य प्रवाशाला शिरकाव नसे. त्याचा मुक्काम वस्तीतल्या सोयऱ्याकडे, नाहीतर झाडाखाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे त्यात म्हटले होते. शाळा, दवाखाने आणि कचेऱ्याही त्याच ठरावात आल्या. महाडच्या तळ्यावरचा १९२७ चा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारावर उभा राहिला, म्हणून तो पाण्याचा ठराव म्हणून लोकांच्या लक्षात आहे. धर्मशाळेचा उल्लेख सहसा विसरला जातो. ठराव झाला तरी गावोगावचा व्यवहार लगेच बदलला नाही. पंढरीच्या वाटेवरच्या दलित वारकऱ्यांना आसरा मिळावा म्हणून गाडगेबाबांना पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली होती, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदापूरला एक मोठा फटका बसला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची पुण्याहून निघालेली लोहमार्गाची वाट १८५८ मध्ये तालुक्यातल्या डिकसळपर्यंत पोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला भिडली. ती इंदापूर गावापासून बरीच उत्तरेकडून गेली. लांबचा प्रवासी आणि लांबचा माल गाडीत चढला आणि सडकेवरची रहदारी ओसरली. त्याआधी हिंगणगावला भीमा ओलांडायची असल्याने नदीला पूर आला की प्रवासी इंदापुरात अडकून पडत. आता त्यांना अडकण्याचे कारणच उरले नाही. इंदापूरची मुक्कामाची पेठ त्यामुळे तालुक्यापुरती झाली. रविवारचा बाजार, कचेरीची तारीख आणि लग्नसराई यांवर तिला दिवस काढावे लागले.

बारामतीच्या बाबतीत उलट घडले. १८७६-७७ च्या दुष्काळात हाती घेतलेला नीरा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि भाटघर धरणाच्या पाण्याने बारामतीचा जिरायत पट्टा बागायत झाला. ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे आली आणि गुळाची अडत बारामतीत जमली. १९१४ मध्ये दौंड-बारामती हा अरुंद रुळांचा फाटा सुरू झाल्यावर गूळ सरळ मोठ्या लोहमार्गावर जाऊ लागला. मग गावाची गजबज नदीकडून स्टेशनकडे आणि बाजाराकडे सरकली. गुळाच्या हंगामात शेतकरी गाडी भरून आदल्या संध्याकाळी येई. बैल सोडून दावणीला बांधायचे, ढेपा अडत्याच्या दारात उतरवायच्या आणि सकाळच्या सौद्यापर्यंत तेथेच ओसरीवर किंवा गाडीखाली पडायचे, असा रिवाज होता. मुक्काम कोठे करायचा हा प्रश्न त्याच्यापुढे नसे. माल जेथे तेथे मालक. त्याच्या जेवणासाठी पेठेत खानावळी निघाल्या. त्यांच्या पाट्यांवर जातीचे नाव ठसठशीत असे. कोणत्या खानावळीत जेवायचे हे ठरले की झोपायचे कोठे हेही बहुधा ठरून जाई.

बाजारगावांचा हा रंग त्याआधीच एकदा भडकही झाला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडे बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, वह्या आणि कर्जरोखे पेटवले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. दंग्यासाठी बाजारचा दिवस निवडला गेला याला अर्थ होता. त्या दिवशी गावात बाहेरचा माणूस ओळखू येत नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्र पुन्हा हलले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत प्रत्येक तालुक्याला स्टँड मिळाला. स्टँडसमोर लॉज निघाले, लॉजखाली हॉटेल, हॉटेलशेजारी पानपट्टी. रजिस्टरात नाव-गाव लिहायचे, कारण विचारले तर ‘कामानिमित्त’ सांगायचे, सामायिक न्हाणीघरात सकाळी बादलीभर गरम पाणी मिळेल याची खात्री करून घ्यायची आणि खोली घ्यायची ती शक्यतो मागच्या बाजूची, असा हा मुक्काम. औषधविक्रेते, बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी, तमाशाचे व्यवस्थापक आणि कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार हे तेथले नेहमीचे गिऱ्हाईक. जात न विचारता पैसे देणाऱ्याला छप्पर देणारी जागा म्हणून लॉजचे ऋण मोठे आहे. लिहिणाऱ्यांनी त्याची नोंद फारशी घेतलेली नाही.

साखर कारखान्यांनी आणखी एक पदर जोडला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवले. पाहुण्यांसाठी कंपनीचे स्वतःचे विश्रामगृह असलेली ती ठरवून आखलेली वसाहत होती. माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांनीही विश्रामगृहे बांधली. संचालक, इंजिनिअर आणि पुढारी तेथे उतरत. ऊसतोडीला बीड-नगरकडून येणाऱ्या मजुरांचा मुक्काम मात्र कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ, पाचटाच्या कोप्यांत. हंगामभर, म्हणजे पाच-सहा महिने, या भागातल्या परगावच्या लोकांत सर्वांत जास्त संख्या त्यांचीच, आणि मुक्कामाची निवड करण्याची मुभा सर्वांत कमी तीही त्यांनाच.

या सगळ्या बदलांना दरवर्षी काही रात्रींसाठी पुसून टाकणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वारी. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी मजल मारत रोटी घाट चढते. उंडवडीनंतर ती बारामतीत येते, तेथून काटेवाडीमार्गे सणसर, पुढे निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असे मुक्काम होतात. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घालून ती सोलापूर जिल्ह्यात शिरते. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण करतात. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. बारामतीत पालखी शारदा प्रांगणात विसावते.

वारीत मुक्कामाची जागा शोधण्याचे एक वेगळे शास्त्र आहे. दिंडीचा मालट्रक दिंडीच्या आधी पोचतो. त्यातले चार-पाच गडी तळाच्या जवळची, उताराची नसलेली आणि पाण्याच्या टँकरपर्यंत पायवाट असलेली जागा धरतात. आषाढाच्या तोंडावर कोणत्या रात्री पाऊस येईल सांगता येत नाही, म्हणून राहुटीभोवती आधी चर खणला जातो आणि मग चूल पेटते. तळाला खेटून जागा मिळाली तर आरती आणि कीर्तन सोयीचे, पण रात्री टाळ-मृदंग थांबत नाही आणि पहाटे शौचाला रांग लागते. म्हाताऱ्यांची संख्या जास्त असलेल्या दिंड्या म्हणून जाणूनबुजून थोडे लांब उतरतात. अनेक दिंड्यांना ही शोधाशोध करावीच लागत नाही. त्यांचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरी असतो. आजोबांच्या काळी ज्या वाड्यात दिंडी उतरे त्याच्या जागी आता चार मजली इमारत झाली, तरी घरमालक वाहनतळ रिकामा करून देतो आणि पिठल्याचे पातेले चढवतो. अशा घराला दिंडी दुसरीकडे गेल्याचे कळले तर अपमान वाटतो. एरवी परगावच्या माणसाला खोली नाकारणाऱ्या गल्ल्याही त्या रात्री दारे उघडी टाकतात.

लोहमार्गाने वारी संपेल असे १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला गाडी सुरू झाल्यावर कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही. गाडीने जाणारे गाडीने गेले, चालणारे चालत राहिले आणि बारामती-इंदापूरचे मुक्काम कायम राहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदापूरला सडकेवरची रहदारी परत मिळाली आणि जुनी गावे पाण्यात गेली. १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची गावे आणि जमिनी बुडवल्या. पळसदेवच्या जुन्या गावचे पळसनाथाचे देऊळ पाणी आटले की आजही उघडे पडते. पुनर्वसित गावे रस्त्याच्या बाजूला वसली आणि भिगवण मासळीचा बाजार म्हणून पुढे आले. पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यावर तर प्रवाशाला इंदापूर गावात शिरण्याची गरज उरली नाही. ढाबे, मासळीची हॉटेले आणि वाहनतळ असलेली निवासी हॉटेले हमरस्त्यावर रांगेने उभी राहिली. मालट्रकवाल्यांचा मुक्काम तेथे, बाजेवर, गाडी डोळ्यासमोर ठेवून. अडतीच्या ओसरीवर झोपणाऱ्या गुळाच्या शेतकऱ्याचा नियम त्यांनाही लागू आहे.

बारामतीत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्था आणि औद्योगिक वसाहत यांनी गावाचा ओढा भिगवण रस्त्याकडे वळवला. कंपनीच्या कामाला येणारा माणूस आज औद्योगिक वसाहतीच्या बाजूला उतरतो. मुलाच्या प्रवेशासाठी आलेले पालकही महाविद्यालयांच्या जवळ जागा पाहतात. सोने-कापडाच्या खरेदीला, लग्नाला किंवा गुरुवारच्या बाजाराला येणाऱ्याला मात्र अजून जुन्या पेठेच्या आसपासचीच जागा सोयीची पडते. तेथून भाजी मंडई, देवळे आणि एसटी स्टँड पायी गाठता येतात. रस्ते अरुंद असल्याने चारचाकी लावायला जागा नसते. सणासुदीला रात्री उशिरापर्यंत गर्दी असते.

मुक्कामाचा सर्वांत नवा पत्ता उजनीच्या पाण्यावर आहे. डिकसळ आणि कुंभारगाव या भागात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांना पाहायला पुण्या-मुंबईहून येणारे लोक मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या घरी राहतात, पहाटे त्यांच्याच होडीतून जातात आणि दुपारी त्यांच्या हातची मासळी खातात. हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. पाणी जास्त असले की उथळ दलदल बुडते, पक्षी विखुरतात आणि खोल्या रिकाम्या राहतात. वारीचा रस्ताही बदलत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज अशा वाटेने जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी कडेला वेगळी पायवाट हा त्या आराखड्याचा भाग आहे.